कलाकृती समजून जप्त केलेल्या बिजाईबाबत

नाव प्रेमिला इंद्रकुमार बिसेन, वय ६६ वर्षे, धंदा निवृत्त शिक्षिका, रा. पिंपळटोली, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

१९७१ च्या मे महिन्यात मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीत घरी आले होते. आमच्या कोठीतल्या, म्हणजे जुन्या वाड्यातल्या, धान्यखोलीच्या थंड फरशीवर मी आणि माझी गावातली मैत्रीण रुख्मा तेंदूची टेंभरं खात पडलो होतो. मी तिला इंग्रजी प्रार्थना शिकवत होते, ती हसत होती. शेजारी तिच्या आईची बिजाई, म्हणजे पेरणीचे धान, ठेवलेली होती. हे लिहायची गरज नाही, असे हवालदारसाहेब म्हणाले. गरज आहे. रुख्माच्या घरी ओल येते, म्हणून तिची बिजाई आजही त्याच खोलीत असते.

या उन्हाळ्यात माझा भाऊ ओमेश याने कोठी तीन दिवस कला व विचार महोत्सवाला दिली. विचार मुंबईहून आले होते. किल्ल्या देताना रुख्माच्या दोन पोत्यांविषयी सांगायचे ओमेश विसरला.

दि. १०/०५/२०२५ रोजी दुपारी ४ वाजता मी त्या खोलीत गेले. बिजाई पांढऱ्या चादरीवर पसरलेली होती. दाराशी पाटी होती, 'अन्नदात्याची वेदना'. पाहुणे बिजाईवरून रांगेने चालत होते. शेतकऱ्याचे दुःख तळपायाला कळते, असे संचालिका नीतू मॅडम सांगत होत्या. काहींनी बूट काढले नव्हते.

मी रुख्माला बोलावून घेतले. ती म्हणाली, "काऊन वो, माह्या बिजाईवर नाचून राहिल्या? उगवल का आता हे?"

नीतू मॅडम म्हणाल्या, "आजी, सुंदर! बोलत राहा. जरा उजेडात या."

"वेदना पायजे तुले, पोरी? आषाढात ये माह्या धानाच्या बांधीत रोवणीले. पोटभर भेटंल."

त्यावर टाळ्या झाल्या. रुख्माने ओंजळीने धान पोत्यांत भरले. त्याला चाळीस मिनिटे लागली. साठेक लोक प्रयोग समजून पाहत उभे होते. एका गृहस्थांनी डोळे पुसले. नीतू मॅडमनी फोटोसाठी पोत्याचे तोंड उघडे धरले. पोती ओमेशच्या गाडीत चढवायला दोन पाहुण्यांनी हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा प्रयोग कार्यक्रमपत्रिकेत नव्हता, हे मॅडमच्या लक्षात आले. त्यांनी कलाकृती चोरीची तक्रार दिली. पोलिसांनी रुख्माच्या घरून पोती आणली. ती सध्या ठाण्यातल्या गळक्या कूलरजवळ आहेत.

हे धान लुचई जातीचे आहे. गावात आता फक्त रुख्माकडे उरले आहे. मृग महिन्यावर आला आहे. पोत्यांना ओल लागली तर पेरायला दुसरे नाही.

जबाब मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे. सहीआधी एवढे जोडावे. बिजाई आजच रुख्माला द्यावी, ती बाहेर बाकावर बसली आहे. चादर आणि पाटी मॅडमना द्यावी. बुटांखाली फुटलेले दाणे उगवत नाहीत. तेही वेचून मॅडमनाच द्यावेत, त्यांची कलाकृती तेवढीच आहे.