आबांनीच मागितलं बायकांचं टेबल

हॅलो?… कोण, अक्का? धरणगावहून ट्रंककॉल लावलास?… हो, हो, कुंदाच बोलतेय. मोठ्यानं बोल ना!… अगं मिळालं! टेबल मिळालं, अक्का!

कसलं म्हणजे? सरकारी ग्रंथालयात! बायकांसाठी वेगळं… खिडकीजवळ, पंख्याखाली!

…अगं, परीक्षेसाठीच तर सगळं. क्लार्कच्या परीक्षेची ती जाडजूड पुस्तकं घरी देत नाहीत ना, तिथेच बसून वाचायची. आणि आमचे सासरे, आबा! "पुरुषांच्या घोळक्यात सूनबाई बसणार नाही. वेगळी सोय असेल तर जा."… हो ना! सोय कुठली? ग्रंथालय निघाल्यापासून बायकांनी पुस्तक बदलायचं नि घरी पळायचं.

…मागितलं की! ग्रंथपाल म्हणाले, "पण बायका येतातच कुठे?" म्हटलं, थांबा, आणतेच!

अगं ऐक ना… तिथे भिंतीवर पाटीच आहे, हातातला पेपर वाचून होईपर्यंत दुसऱ्यानं मागू नये. काल सकाळी दार उघडायच्या आधीच गल्लीतल्या आम्ही बठ्ठ्या, एकूण एक बाया हजर! एकेकीनं एकेक पेपर धरला नि बसलो खुर्च्यांवर… हो, शेजारच्या द्रौपदाकाकूसुद्धा! छोट्या जाहिरातीसुद्धा सोडल्या नाहीत, त्याही बोट ठेवून वाचल्या!… हसू नको गं, मलाही हसू येतंय.

पुरुष आले नि उभेच. एक खाकरतोय, एक चष्मा पुसतोय… आणि त्यांत आमचे आबा!… व माय, नाही तर काय! पेपर वाचल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

…मी? पदर सावरला नि अग्रलेख वाचत बसले.

मग आबाच तरातरा गेले ग्रंथपालांकडे. "अहो साहेब, या बायांना एकदाचं वेगळं टेबल द्या, म्हणजे आमचे पेपर सुटतील!"… देवाशपथ! सगळ्यांदेखत! शिपायानं लगेच टेबल ओढून आणलं.

…घरी? आता अडवणार कसे! स्वतःच मागून दिलेलं टेबल. जेवताना ताकाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "परीक्षा कधी आहे?" अक्का, मला रडूच आलं गं…

हॅलो?… हो, आहे ना… आले, आबा!… अगं, तेच हाक मारतायत. चपला घालून दारात उभे… काय म्हणतात? म्हणतात, "मागच्या गल्लीतल्या बाया केव्हाच गेल्या. चल लवकर, तुझी खुर्ची जाईल!"

ठेवते गं, ठेवते!