इंजिन बसणार!

फट्... फट्... फुस्स! हाच आवाज चाळीस वर्षांपूर्वी निफाडला एका विहिरीवरच्या इंजिनाचा ऐकला होता हो मी! बसणार म्हणालो, कुणी ऐकलं नाही, आणि बसलं, बंदच पडलं! शाळा माझी चौथीपर्यंत, पण इंजिनाची नाडी मला कळते... आणि कौतुक कुणाचं? प्रमोदचं!

सांगतो ना. माझा मुलगा मकरंद इथं न्यूझीलंडला, हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात असतो. त्यानं मला पंचाहत्तरीची भेट दिली, छोट्या विमानातून चक्कर! पायलट आणि शेजारी एक माणूस, बास, एवढंच विमान. बघायला माझी बायको शकु, नात सिद्धी, आणि शेजारचा हा प्रमोद, गॉगल लावून! इंजिन सुरू झालं आणि मधेच... फुस्स! मी सिद्धीला म्हटलं, "बाळा, त्याला सांग, मिसिंग मारतंय, बसणार हे, बसणार!" पोरगी इथं जन्मलेली. तिनं काय सांगावं? "ही वॉन्ट्स टु सिट!" पायलट खूश! "स्वीट ॲज!", म्हणजे इथल्या भाषेत झकास, म्हणून सीट थोपटतोय, मी मागं सरकतोय, तो मला ओढतोय... तेवढ्यात प्रमोद, "बाळासाहेब घाबरले! सरका, मी बसतो!" बसलासुद्धा! आणि शकु फोटो काढतेय, एकावर एक!

उडालं. झाडांच्या शेंड्यांवर गेलं न गेलं तोच बसलं की इंजिन! विमान धप्पदिशी पलीकडच्या कुरणात, गायींच्या मधोमध. पायलटला खरचटलंही नाही, प्रमोदचं मनगट मोडलं. वाचला बिचारा, मी तर रडलो हो तिथं... पण कौतुक कुणाचं? प्रमोदचं! त्याच्या प्लास्टरवर इथल्या सगळ्या मराठी मंडळाच्या सह्या! सिद्धी म्हणते, "आबा, ही इज सो ब्रेव्ह!" अगं, यानं केलं काय? खाली पडला! ते कुणालाही जमतं! आणि शकु रोज त्याला शिरा नेते, बेदाणे घालून. मला सहा वर्षं साखर बंद!

आज सकाळी राहवलं नाही. म्हटलं, "शकु, मला आधीच कळलं होतं."

डब्याचं झाकण लावता लावता ती थांबली. "कळलं होतं? मग प्रमोदभाऊजींचा हात धरून उतरवलं का नाहीत?"

आता हिच्याशी खोटं कसं बोलू? म्हटलं, "उतरवणार होतो गं... पण तू त्याचे फोटो काढत होतीस. माझा एकही नाही काढलास."

शकुनं झाकण घट्ट दाबून लावलं. मग डबा उचलला, चपला पायात सरकवल्या, आणि निघाली... प्रमोदच्या घराकडं.