सत्तेचाळीस नंबरची गंज

एक व्हती म्हातारी, तिचं नाव अंबाबाई, म्हंजे मीच. तिला एक ल्योक, संपत, चाकणला कंपनीत. संपतची बायकू रत्ना. आन ह्या समद्यांचं एक घर, नंबर सत्तेचाळीस... तर तुमाला सांगते, ह्यातली माणसं समदी हायेत, घर तेवढं न्हाई. आवो, त्याच घरात बसून बोलतेय, पाठीला भिंत लागतेय, तरी न्हाई! मी न्हाई म्हणत, सिस्टिम म्हणती.

आता तुमी म्हणाल म्हातारीला भ्रम झालाय. ऐका तर...

आमची वाडी भीमाशंकरच्या डोंगराला पाठ लावून बसलेली. पाऊस असा, की चार म्हयनं माणसाला स्वतःची सावली दिसत न्हाई, आन वारं असं, की पत्रा उचलून खालच्या वाडीत नेऊन ठेवतं आन तिथली माणसं वळखून परत आणून देत्यात. म्हणून मिरगाच्या तोंडाला आमी पत्र्यावर गवत अंथरतो, वरनं दोऱ्या ओढतो, आन चारी अंगांनी पार भुईपतूर पेंढ्याची झड बांधतो. घराला कांबळं पांघरल्यागत. माझी सासू तर अशी बांधायची, की आत यायला मुंगी वाट विचारायची... जाऊ द्या, सासूचं काढलं तर सांज हितंच व्हईल.

तर वैशाखात पंचायतीनं सांगावा धाडला. कारभार आता नवा, वह्या बंद, समदं कम्प्युटरात. वरनं ड्रोन उडणार, घराघराचा फोटू काढणार, आपापल्या घराभवती चुन्याची रेघ मारून ठिवा. रेघ समद्यांनीच मारली. पण मला सांगा, पावणं दारानं यायचं असलं तर आपण दार सारवतो का न्हाई? मग पावणं वरनं येणार, तर वरची बाजू नको का बरी दिसाया? मी मिरगाचं काम पंधरा दिस आधीच काढलं. संपतला सुट्टी टाकायला लावली, निवडून निवडून गवत अंथरलं, झड लावली, दोऱ्या आवळल्या, कुठं एक काडी वाकडी न्हाई. ड्रोन आलं, भुंग्यागत भुणभुणलं, मी अंगणात पदर नीट करून हुबी ऱ्हायले, आन गेलं निघून. शेजारची साळुबाई म्हणली पण, अंबे, समद्या वाडीत तुजंच घर उठून दिसलं आसंल.

दिसलं की! दिवाळी झाली, गवत उतरलं, आन वाडीत पाण्याचा पाइप आला. घरटी एक नळ. रत्ना त्या नळाची लई वाट बघत व्हती. झरा खाली दरीत, वाट निसरडी. गेल्या पावसात दोन हंड्यांसकट घसरली, तवापास्नं उठताना भिंत धरती, बोलत काय न्हाई. मी म्हणलं, सुटली माझी सून. शेहेचाळीसला नळ बसला. चर खणत खणत माणसं माझ्या दारावरनं म्होरं गेली आन अठ्ठेचाळीसला नळ बसला. मी फिटरला म्हणलं, भाऊ, मधी काय ऱ्हायलं का? त्यानं कागद बघितला, घराकडं बघितलं, परत कागद बघितला, म्हणला, सत्तेचाळीसला घरच न्हाई. आवो, त्याच घरात केलेला चहा व्हता त्याच्या हातात! फुंकून फुंकून पितोय, आन म्हणतोय घर न्हाई.

गेले पंचायतीत. तिथं कम्प्युटरावर मोहिनी बसती, ओतूरच्या कॉलेजात शिकलेली, गुणाची पोरगी, मला खुर्ची देती. तिनं सत्तेचाळीस दाबलं, आन आला फोटू, वरनं काढलेला. काय सांगू तुमाला, गवत असं सारखं बसलेलं, भवती पांढरीफेक रेघ, मी म्हणलं, बघ पोरी, हे माझ्या हातचं. तिनं फोटूच्या खाली बोट ठेवलं. मग म्हणली, "आजी, खाली लिहिलंय ते वाचू का? गवताची गंज." आन हळूच, "मी नाही म्हणत, सिस्टिम म्हणते."

आता गंजीला कोण नळ देतं? द्याल का तुमी?

म्हणलं, खोड की मग. तर खोडता येत न्हाई! पैलं वहीत चूक झाली की आमचं ग्रामसेवक भाऊसाहेब काट मारायचं, शेजारी सही करायचं, चहा प्यायचं, झालं काम. म्हणलं काढ ती वही, तर वह्या समद्या तालुक्याला गेलेल्या, फोटू काढून घ्यायला. बरं, माझं आधार कार्ड घे. त्यावर बघितलं, घर नंबर सत्तेचाळीस. मोहिनीनं दोन्ही जुळवलं. म्हंजे अंबाबाई ऱ्हाती हे खरं, सत्तेचाळीसला ऱ्हाती हे बी खरं, आन सत्तेचाळीस म्हंजे गंज. पंचाहत्तर वर्सांची बाई गंजीत ऱ्हाती आन सरकारला त्याचं काय वाटत न्हाई! मी न्हाई म्हणत, सिस्टिम म्हणती.

मग ग्रामसभा घेतली. समद्या वाडीनं हात वर केलं, घर हाय म्हणून. सरपंच सयाजीनं तर दोन्ही हात वर केलं. भाऊसाहेब म्हणलं, हात वर करून घर व्हत न्हाई, जागेवर हुबं ऱ्हाऊन मोबाईलात फोटू काढून तिथनंच पाठवा. आता आली का पंचाईत... दारात हुबं ऱ्हावं तर रेंज न्हाई, आन रेंज हाय तिथं घर न्हाई! संपत मोबाईल घेऊन वरच्या टेपाडावर चढला, तिथनं घराचा फोटू काढून धाडला. तर कम्प्युटर म्हणला मोबाईल हाय तिथंच घर, म्हंजे घर टेपाडावर हाय, आन टेपाड तर जंगलाच्या हद्दीत. म्हंजे घर व्हायचं ऱ्हायलं बाजूला, वर अतिक्रमणाचं बालंट! ते मिटवता मिटवता पौष संपला. तवर रत्ना झऱ्यावर जातीच हाय. वाटंत दोनदा बसती, मग तीनदा बसाया लागली. मी म्हणलं, एक हंडा मी आणते, तर माझ्या हातनं हंडा काढून घेतला.

माघात भाऊसाहेब सोता आलं पाहणीला, मोहिनी संगट. पडवीत बसलं. आमची गाय पडवीतच बांधलेली असती, तिला माणसांचं लई येड, तिनं भाऊसाहेबांच्या कानाशी तोंड नेलं आन फुस्स केलं. भाऊसाहेब दचकलं, वळलं, आन तिच्या कानाकडं बघतच ऱ्हायलं. तिच्या कानात पिवळा बिल्ला हाय, जनावरांच्या डॉक्टरनं मारलेला, त्यावर हा एवढा लांब नंबर. मोहिनीनं तो लिहून घेतला आन दुसऱ्या दिशी दोघं परत आलं, हासत आलं. कम्प्युटरात गाय निघाली! जात, रंग, वय, कितव्यांदा व्याली ते समदं बरोबर, मालकीण अंबाबाई, आन पत्ता... घर नंबर सत्तेचाळीस, गोठा. तिथं एक अक्षर चुकलेलं न्हाई.

भाऊसाहेब म्हणलं, "अंबाबाई, गंजीचं घर करायला वरच्या हापिसात जावं लागंल, दोन वर्सं मोजा. गंजीचा गोठा आजच व्हतो, गाईचा पुरावा हाय. गोठ्याला नळ मिळतो. काय करू?"

आता तुमीच सांगा. ह्या घरात मी नवरी व्हऊन आले, ह्या भिंती मी लिपल्या, आन माझ्या तोंडानं मी गोठा म्हणू? मी भिंतीवरनं हात फिरवला. मोहिनी पायाकडं बघतेय. रत्ना भिंत धरून उठली, म्हणली, "आत्या, गोठा म्हणा. पाण्याला कुठं कळतंय कुणाच्या दारात पडतंय."

म्हणलं... गोठा.

आठ दिसात नळ बसला. पाणी असं की हंडा वर उचलाया नको, नळाखाली ठेवला की भरतो. रत्नाची कंबर पाडव्यापतूर सरळ झाली, ती परवा साळुबाईच्या दारात फुगडीला उतरली, मी माझ्या डोळ्यांनी बघितली. संपत म्हणतो, आई, अर्ज करू या, घर करून घेऊ. म्हणलं गप, आसू दे. सकाळी सहाला पाणी येतं, आमी पैली बादली गाईपुढं ठेवतो. तिचं पिऊन झालं की मग माणसं भरत्यात. कागदावर घर तिचं हाय बाबा, आपण पडलो तिच्या वळचणीचं.