बरोबरीच्या बदल्यात काय?

सविता स्पर्धेवरून परतली, त्या दिवशीचं सांगते. ही आमच्या शेजारची पोर, जगातल्या मोठमोठ्या बुद्धिबळपटूंशी खेळते. शेवटचा डाव जिंकली असती तर ग्रँडमास्टर झाली असती. बरोबरी झाली आणि किताब हुकला.

टँकरची वाट बघत आम्ही ओट्यावर बसलो होतो. मला कुठलं राहवतंय, विचारलंच. "सविता, मोबाईलवर तर तूच जिंकताना दिसत होतीस. मग बरोबरी कशाला केलीस गं?"

"समोरच्यानं बरोबरी करायची का विचारलं, मी हो म्हणाले. पाच तास झालते मावशी, डोकंच चालंना."

ज्ञानोबाकाका, म्हणजे दूध सोसायटीचे उपाध्यक्ष, हंडे रांगेत लावून तिथंच टेकले होते. ते म्हणाले, "म्हंजे आमच्या निवडणुकीसारखं. तू अर्ज मागं घेतलास. बदल्यात काय मिळालं?"

"अर्धा गुण. त्यालाबी अर्धाच."

"लई स्वस्तात बसलीस पोरी. मी असतो तर एखादं पद तरी मागितलं असतं."

"काका, मी जिंकतेय हे मला दिसलंच न्हाई. हात मिळवल्यावर त्यानंच दाखवलं."

काकांचं हसू विरलं. म्हणाले, "मलाबी अर्ज मागं घेतल्यावरच कळलं. अध्यक्षापेक्षा सात मतं माझ्याकडं जास्त होती."

"मग काय केलं तुमी?" सवितानं विचारलं.

"काय करणार? तवापासून उपाध्यक्ष हाय."