परबकाकांनी ओटीपी दिला नाही

तुमचं वायफायचं रडगाणं ऐकून आमचे परबकाका आठवले. फुलपाड्याला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, एकटेच. मुलगा कॅनडात. पेन्शनीत बसेल असं नेट बघ म्हणून माझ्या मागे लागले होते. मोठ्या कंपन्यांचे प्लॅन ऐकून म्हणाले, "मला पिक्चर नाही बघायचे रे, त्याचं तोंड बघायचंय फक्त."

शेवटी गल्लीतल्या केबलवाल्याकडे स्वस्तातला प्लॅन मिळाला. महिनाभर गेला आणि काकांनी तक्रार नोंदवली, नेट चालत नाही.

केबलवाल्याचा माणूस आला. नेट तपासायला मी बाहेर जिन्यात जाऊन काकांना व्हिडिओ कॉल लावला. माझं तोंड त्यांना लख्ख दिसलं, तसा मी परत आत आलो.

"लाइन एकदम ओके आहे, काका," तो माणूस म्हणाला. "तुमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय, तो सांगा. कंप्लेंट बंद करतो."

काकांनी मोबाइल खिशात टाकला. "नाही सांगणार."

"अहो, पण नेट चालू आहे ना?"

"ते मलाही दिसतंय."

तो वैतागून माझ्याकडे बघायला लागला. मीही जरा चिडूनच म्हटलं, "द्या ना काका, त्याला पुढची कामं आहेत."

काकांनी मला बाजूला घेतलं. "खाली गेटवर रोज सगळे विचारतात, मुलाचा फोन आला का? मी सांगतो, नेट बिघडलंय, तक्रार केलीय. ती बंद झाली, तर उद्या काय सांगू?"