आंब्यात कोण आहे?

यार, मी कधी आंब्याला घाबरेन असं वाटलं होतं का तुम्हाला? पडघ्याच्या गोदामातून आमचा आंबा परदेशी निघालेला. एका फळात जरी किडा सापडला, तरी सगळा माल रिजेक्ट! तपासणीवाले साहेब दहा मिनिटांत येणार होते. तेवढ्यात आंबे निवडणाऱ्या ताराकाकीने एक आंबा कानाला लावला.

"ह्याच्यात कोनतरी हाय."

मी हसलो, "मग हॅलो बोल ना, काकी!"

तिने आंबा कापला. वरून एक डाग नव्हता, पण कोयीत जिवंत किडा! माझी तंतरली.

"काकी, बाकीचे पण ऐक ना, प्लीज!"

तिने पेट्यांच्या थप्पीला कान लावला आणि झटकन मागे सरली.

"काय झालं? आवाज येतोय?"

"न्हाय रं. सगले गप झाले. आता ते आपलं आयकतान."