धडं माजं, आवाज त्येचा

आमी मूळचं जत तालुक्यातलं, पार कर्नाटकाच्या कडंला, आई कन्नडातनं रागवायची आनि बा मराठीतनं समजूत काढायचा असलं घर. मेंढरं हुती आमची, बा मेंढरं घिऊन कृष्णाकाठाला जायचा तो म्हैनं म्हैनं यायचा न्हाई, आनि मी थोरली म्हनून माज्याकडं शाळा आनि टँकर. टँकर आला की वर्गातनं उठून घागरी घिऊन पळायचं, मास्तर बी काय म्हनायचं न्हाईत, त्येंच्या बी घरात पानी लागायचंच की.

आता तुमी मला इचारलं ताई, की सारिका, तुला ह्ये कंप्युटरचं खूळ कुठनं लागलं, तर ते जतला लागलं. धावीच्या सुट्टीत मावशीकडं ऱ्हायले हुते, तिच्या घराखाली कंप्युटरचा क्लास, तितल्या बाईंनी मला आत बोलवून म्हनलं, ह्ये बटन दाब. दाबलं तर समद्या पानाचा रंगच बदलला. म्हनल्या, ह्ये मी चार वळी लिवल्या म्हनून झालं. काय सांगू तुमाला, मला लय नवल वाटलं, आमच्या घरात पोरीचं कोन ऐकतंय, आनि ह्ये यंत्र लिवल्यालं निमूट ऐकतंय. तितनंच धरलं मी ते. म्होरं सांगलीला कॉलेजात गेले, पर डिग्री पुरी व्हायच्या आतच लगीन झालं विट्यात.

विट्याची मानसं तुमाला ठावंच हायती, साऱ्या देशात गलाईची दुकानं, सोनं गाळून चोख करायचं काम. आमचं मालक बी तिकडं तमिळ मुलखात. मी बी गेले हुते संगं, दुकानाच्या वरच्याच खोलीत ऱ्हायचं, खालनं त्या अ‍ॅसिडचा वास यायचा, मला खोकला लागला तो जाईना, मग मालक म्हनलं तू विट्याला माज्या आईजवळ ऱ्हा. जाताना येक जुना लॅपटॉप दिला. चांगलं हाय मानूस, पर लांब हाय. लांबच्या मानसाचं चांगलंपन फोनवर किती यील तेवढंच.

विट्यात येका क्लासमधी मी शिकवाय लागले. जावास्क्रिप्ट म्हनत्यात त्या भाषेला, वेबसाइटचं पान हालतं बोलतं ते तिच्यामुळं. शिकवताना ध्यानात आलं, पोरी कुठं अडत्यात. पुस्तकात आधी ह्येची व्याख्या त्येची व्याख्या, आनि चूक झाली तर काय करायचं ते पार शेवटाला. आनि हितं पैल्याच दिवशी स्क्रीनवर चूक दावनारी लाल अक्षरं आली की पोरी लॅपटॉप मिटून डोळं पुसायच्या, म्हनायच्या, मॅडम, मोडलं वाटतं माज्याकडनं. तो क्लास बंद पडला तवा मी ठरवलं, आपनच कोर्स करायचा, नेटवर टाकायचा, आनि पैला धडा लाल अक्षरांचा ठेवायचा. मुद्दाम चुका करायच्या, लाल येऊ द्यायचं, वाचायचं, हसायचं, मग म्होरं.

मग येकेक धडा रचत गेले. टँकर आला तर घागर घिऊन पळ, न्हाई तर गप बस, ही झाली अट. पिठाची गिरन, ज्वारी टाकली तर ज्वारीचं पीठ, गहू टाकला तर गव्हाचं, गिरन तीच, ह्ये झालं फंक्शन. आनि लूप म्हंजी वाघर, मेंढरं कोंडायची जाळी असती बगा, तिच्या तोंडाशी बा हुबा ऱ्हायचा, येक मेंढरू आत, मोजलं, दुसरं आत, मोजलं, भाईर कोन उरलं न्हाई की थांब. किती येळा मोडलं आनि किती येळा रचलं ते धडं, ह्येला हितनं काढ, त्येला तितं घाल. आमच्या गल्लीत समदं यंत्रमाग, दिवसभर खडखड, आवाज भरायचा कसा. लाईट गेली की माग बंद, मग मी बॅटरीवर बसून आवाज भरायची. सासूबाई वाटंवर हुब्या ऱ्हाऊन बाया-मानसांना म्हनायच्या, आवं हळू बोला, आमची शिकिवतीया.

कोर्स चालला ताई. पर व्हिडिओच्या खाली लोक काय लिवायचं, बाई आधी मराठी शिका. न्हाई आनि हाय ह्येच्यावरनंच चेष्टा. मी घाबरून दोन-चार धडं पुस्तकातल्या भाषेत भरलं, ऐकताना माजं मलाच वाटंना की ही मी हाय, पुसून टाकलं.

त्याच टायमाला म्हसवडचा येक पोरगा, प्रथमेश, फोनवर शंका इचाराय लागला. कामधंदा नसल्यालं जवान पोरगं, पर चिकाटी लय. मॅडम ह्ये का हुईना, मॅडम ते का थांबंना, आनि मी भाकरी करता करता उत्तरं द्यायची. वरीस-दीड वरीस चाललं असंल. नोकरी लागली तवा विट्याला पेढं घिऊन आला, सासूबाईंच्या बी पाया पडला, म्हनला, मॅडम, तुमी नसता तर मी अजून कट्ट्यावर बसलो असतो. मला त्या दिवशी भूकच लागली न्हाई, आनंदानंच पॉट भरल्यालं.

मग सांगलीच्या येका कंपनीची जाहिरात बगितली, मराठीतनं वेबचा कोर्स करायचाय, शिकवनारं मानूस पायजे. गेले. आत सायब आनि त्येंच्या बाजूला प्रथमेश. माजं अर्धं भ्या तितंच गेलं, म्हनलं आपलंच पोरगं हाय. त्येनं वर बगितलं न्हाई. मला वाटलं, हापिसात वळख दावू नये असं आसंल.

सायब म्हनलं, काहीतरी शिकवून दाखवा. मी लूप शिकिवला. सायब हसलं, मानूस वाईट नव्हतं, म्हनलं, मजा आली मॅडम, पण भाषा जरा रांगडी आहे, आमचे विद्यार्थी सगळीकडचे असतात. आनि खरं सांगायचं तर कोर्सची मांडणी तयार आहे, आमच्या प्रथमेशनेच केली, तोच शिकवणार आहे, त्याच्या हाताखाली कुणी हवं होतं. म्हनून स्क्रीन माज्याकडं फिरवली.

पैला धडा, लाल अक्षरांना घाबरू नका.

मी खाली बगत गेले. टँकरचा पानीपुरवठा झालेला. गिरनीचा मिक्सर. मेंढरांचं रांगेतलं विद्यार्थी झालेलं. बाकी क्रम त्योच, वळीला वळ. मी म्हनलं, सायब, ह्ये माजं हाय. सायबांनी त्येच्याकडं बगितलं. तवा तो बोलला, पुस्तकातल्या मराठीत बोलला ताई, मॅडमचे व्हिडिओ मी पाहिलेत, थोडे.

थोडे म्हनला.

मी म्हनलं, सायब, कुठल्या बी पुस्तकात चुका आधी नसत्यात, ह्ये मी पोरींच्या रडन्यातनं शिकले. सायब म्हनलं, अहो, लूप काय कुणाच्या मालकीचा असतो का, दोघांना एकच सुचलं, चांगलंच आहे की. मी उठले.

जिन्यात तो मागनं आला. मॅडम, रागावू नगा, माजं नाव आधीच लागलंय कोर्सला, आता काय बोलू. हितं पोरांच्या शंकांना लिवून उत्तरं द्यायला मानूस पायजे, घरनं जमतंय, मी सायबांना तुमचं सांगतो. सांगतो म्हनला, उपकार केल्यावानी. मी त्येला म्हनलं, तू जिना चढ बाबा, मला उतरू दे.

मालकांस्नी फोन केला तर म्हनलं, भांडून काय मिळनार, मी हितनं काय करू. सासूबाई मातर दोन दिस जेवल्या न्हाईत नीट. म्हनायच्या, माज्या पाया पडला गं त्यो. कंपनीचा कोर्स निगाला, प्रथमेशच्या आवाजात, गुळगुळीत, मागं बाजा बिजा, आनि माज्याकडं शंका यायच्या त्या बंद झाल्या. रोज लॅपटॉप उघडून बगायची, कोन न्हाई. ते लय बेकार ताई, चोरी परीस ते बेकार. मग त्या उत्तरं लिवायच्या कामाला मी हो म्हनलं. तुमी नावं ठिवा, मालकांनी बी ठिवली, पर पोरं अडल्याबगर मला करमत न्हाई.

आता तेच करते. माज्याच धड्यात पोरं अडत्यात, मी उत्तरं लिवते, शुद्ध लिवते, आहे आणि नाही. माजं नाव येत न्हाई तितं, नुसतं शिक्षक येतं. पोरांना वाटतं प्रथमेशच लिवतोय. शिकूद्यात, त्येंच्या हाताला काम मिळूद्यात, ह्ये मी मनापासनं म्हनते. त्येचं भलं व्हवं असं मातर अजून तोंडातनं निगत न्हाई, निगंल तवा निगंल.

परवा येकीनं लिवलं, थँक्यू सर, तुम्ही किती समजून सांगता, माझी आई सांगते तसं. मी वेलकम लिवलं, आनि म्होरची शंका उघडली.